बुडालेल्या जहाजांचे साक्षीदार

समुद्राकाठी वाढलेल्या माणसाला एक गोष्ट फार लवकर उमगते. जमिनीवर घर जळाले तरी त्याचे जोते उरते, माणूस गेला तरी त्याच्या थडग्यावर फुले वाहता येतात. समुद्राचे तसे नाही. ज्या जागी काल डोलकाठ्या दिसत होत्या, तेथे आज नुसते पाणी असते आणि त्या पाण्यावर कसलीही खूण नसते. इतिहासकाराला दगड, शिलालेख, कागदपत्रे हवी असतात. समुद्र यातले काहीच सहजी हाती लागू देत नाही. म्हणूनच खडकावर आदळलेल्या, वाळूत रुतलेल्या किंवा तळाशी गेलेल्या जहाजांची छायाचित्रे ज्यांनी काढून ठेवली, त्यांचे इतिहासावर मोठे ऋण आहे.

परंतु या उद्योगाबरोबर एक अवघड प्रश्नही येतो. जहाज फुटते तेव्हा माणसे मरत असतात. अशा वेळी कॅमेरा उभा करणे योग्य काय? दुसऱ्याच्या आपत्तीकडे डोळे भरून पाहण्याचा अधिकार कोणाला आहे आणि तो कोणत्या मोलाने मिळतो? सुमारे दीडशे वर्षांचा हा इतिहास चाळताना आम्ही या प्रश्नाचे उत्तर शोधणार आहोत.

या इतिहासाचा आरंभ इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला होतो. कॉर्नवॉलच्या भूशिरापासून सुमारे ४५ किलोमीटर अंतरावर सिली नावाचा लहान बेटांचा समूह आहे. वस्ती असलेली बेटे अवघी पाच. त्यांच्या भोवती मात्र पाण्यातून डोके काढणारे आणि पाण्याखाली दबा धरून बसणारे असंख्य खडक आहेत. अटलांटिक महासागर ओलांडून येणाऱ्या जहाजांना युरोपची पहिली चाहूल येथेच लागत असे, आणि धुक्यात वा वादळात कित्येकांची ती अखेरचीही ठरत असे. १७०७ साली अॅडमिरल क्लाउडस्ली शॉवेल याच्या आरमारातील चार युद्धनौका एकाच रात्री येथे फुटल्या आणि हजाराहून अधिक खलाशी बुडाले. समुद्रात आपले रेखांश अचूक ओळखण्याचे साधन तेव्हा नव्हते. त्या साधनासाठी ब्रिटिश संसदेने १७१४ साली मोठे बक्षीस जाहीर केले, त्यामागे या दुर्घटनेचीही आठवण होती.

याच बेटांवर १८२७ साली जॉन गिब्सन जन्मला. तो मूळचा दर्यावर्दी. पुढे त्याने हाती कॅमेरा घेतला, समोरच्या किनाऱ्यावरील पेन्झान्स गावी छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला आणि आपल्या अलेक्झांडर व हर्बर्ट या मुलांनाही त्याच विद्येत तयार केले. १८६९ साली गिब्सनांनी फुटलेल्या जहाजाचे पहिले छायाचित्र घेतले. त्यानंतर अलेक्झांडरचा मुलगा जेम्स आणि जेम्सचा मुलगा फ्रँक यांनी हेच काम चालू ठेवले. चार पिढ्या, सव्वाशेहून अधिक वर्षे आणि दोनशेहून अधिक जहाजे! एकाच घराण्याने एकाच किनाऱ्यावरील आपत्तींची अशी अखंड नोंद ठेवल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस तरी ठाऊक नाही.

आज खिशातल्या फोनने क्षणात चित्र टिपणाऱ्या आपल्या मुलांना त्या काळच्या कष्टांची कल्पना येणार नाही. त्या काळी 'ओल्या काचे'ची पद्धत होती. काचेवर एक चिकट द्रव ओतायचा, तिला चांदीच्या क्षारात बुडवायची, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्यापूर्वीच अंधारात धुऊन घ्यायची. हे सारे दहा-पंधरा मिनिटांत उरकावे लागे. म्हणजे छायाचित्रकाराला आपली अंधारखोलीही बरोबर न्यावी लागे. रसायनांच्या बाटल्या, जड कॅमेरा, तिकाटणे आणि फुटक्या काचा हातगाडीवर लादून कड्याच्या टोकापर्यंत न्यायच्या. कधी वल्ह्यांच्या होडीत घालून खडकांपर्यंत जायचे. वादळ ओसरण्याची वाट पाहत बसावे तर जहाजाचे तुकडे होऊन जाणार. कोरड्या काचा प्रचारात आल्यावर हे काम थोडे सुकर झाले. तरी लाटांवर हेलकावणाऱ्या होडीतून स्थिर चित्र घेणे हे काही सोपे झाले नाही.

गिब्सन मंडळी हे सारे केवळ कलेसाठी करीत होती असे मात्र नव्हे. छायाचित्रे विकली जात, वर्तमानपत्रांना बातम्या हव्या असत, पोस्टकार्डांना गिऱ्हाईक असे. आपत्तीतून त्यांना पैसा मिळत होता हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. पण केवळ पैशासाठी हे करणाऱ्याहून ते वेगळे कसे होते, हे 'शिलर' जहाजाच्या कथेवरून कळते.

'शिलर' हे जर्मन प्रवासी जहाज न्यूयॉर्कहून हॅम्बर्गकडे निघाले होते. ७ मे १८७५ च्या रात्री दाट धुक्यात ते सिलीच्या खडकांवर आदळले. बिशप रॉक येथील दीपगृह जवळच होते, पण धुक्यापुढे त्याच्या दिव्याचे काही चालले नाही. ३३५ माणसे मृत्यू पावली. वाचली ती केवळ ३७. तारयंत्र बेटांवर येऊन तेव्हा सहाच वर्षे झाली होती. जॉन हा वर्तमानपत्रांचा स्थानिक बातमीदार आणि जेमतेम अठरा वर्षांचा अलेक्झांडर तारमास्तर होता. बाप मजकूर लिहीत होता आणि मुलगा तो तारेने जगाला कळवीत होता. समुद्राच्या दोन्ही काठांवरील शेकडो कुटुंबे आपल्या माणसाची बातमी कळावी म्हणून जीव मुठीत धरून बसली होती. हे काम दिवसेंदिवस चालले. अखेर थकव्याने अलेक्झांडर कोसळला. जी माणसे पुढे कॅमेऱ्याने प्रसिद्धी पावली, त्यांनी अशा वेळी पहिले काम केले ते शोकाकुल घरांना खबर पोहोचविण्याचे. बेटांवरील ओल्ड टाउन येथील चर्चच्या आवारात 'शिलर'वरील अनेक मृतांना मूठमाती देण्यात आली. परक्या देशातील, परक्या भाषेची ती माणसे तेथील गावकऱ्यांच्या पूर्वजांशेजारीच विसावली आहेत.

बुडालेल्या माणसाला असा विसावा मिळणे त्याच मुलखात पूर्वी गृहीत धरता येत नव्हते, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. समुद्राने किनाऱ्यावर टाकलेला अनोळखी देह कोणत्या धर्माचा, कोणत्या गावचा हे कळत नसे. त्याच्या दफनाचा खर्च कोणी करावयाचा हेही ठरलेले नसे. तेव्हा असे देह बहुधा कड्यावरच, कोणत्याही प्रार्थनेविना, खड्ड्यात पुरले जात. डिसेंबर १८०७ मध्ये 'अॅन्सन' ही युद्धनौका कॉर्नवॉलच्या लो बार येथील वाळूच्या बांधावर फुटली आणि किनाऱ्यावर उभ्या असलेल्या लोकांच्या डोळ्यांदेखत अनेकजण बुडाले. त्यांच्या देहांची जी विटंबना झाली ती पाहून थॉमस ग्रिल्स या स्थानिक वकिलाचे मन विटले. त्याने तयार केलेल्या मसुद्यावरून १८०८ साली कायदा झाला. समुद्राने बाहेर टाकलेल्या प्रत्येक देहाचे त्या त्या धर्मग्रामाने चर्चच्या दफनभूमीत सन्मानाने दफन करावे आणि त्याचा खर्च सार्वजनिक निधीतून व्हावा, असे या कायद्याने ठरविले. 'अॅन्सन' बुडताना पाहणाऱ्या हेन्री ट्रेनग्राउस याने तर आपले उरलेले आयुष्य किनाऱ्यावरून जहाजावर दोर फेकणारे रॉकेट बनविण्यात घालविले. पाहणाऱ्याच्या अंगी कळवळा असला की एका दुर्घटनेतून कायदा निर्माण होतो आणि प्राण वाचविणारे साधनही.

सिलीच्या रहिवाशांमध्ये हा कळवळा किती होता, याचा पुरावा १९०७ साली पुन्हा मिळाला. 'थॉमस डब्ल्यू. लॉसन' हे सात डोलकाठ्यांचे अजस्र अमेरिकन गलबत सुमारे ५८ हजार पिंपे तेल घेऊन फिलाडेल्फियाहून लंडनला निघाले होते. १३ डिसेंबरच्या सायंकाळी वादळात सापडून त्याने सिलीच्या खडकांमध्ये नांगर टाकले. बचावनौका मदतीस गेली. कप्तानाने जहाज सोडण्यास नकार दिला. सेंट अॅग्नेस बेटाचा वाटाड्या विल्यम हिक्स मात्र जहाजावर थांबला. पहाटेच्या अंधारात नांगरांचे साखळदंड तुटले आणि गलबत फुटले. दिवस उजाडल्यावर सेंट अॅग्नेसची माणसे 'स्लिपेन' नावाच्या वल्ह्यांच्या नावेतून तेलाने माखलेल्या समुद्रात शोधास निघाली. त्यांच्यात वाटाड्याचा मुलगाही होता. एका खडकावर जखमी कप्तान जिवंत दिसला, तेव्हा त्याच मुलाने दोर घेऊन पाण्यात उडी टाकली आणि त्याला वाचविले. त्याचा बाप मात्र सापडला नाही. जहाजावरील १९ जणांपैकी दोघेच अखेर जगले.

गिब्सनांचे शेजारी हे असे होते. म्हणूनच त्यांच्या छायाचित्रांत परक्याचे कुतूहल नाही, शेजाऱ्याची ओळख आहे. १९१२ च्या एप्रिलमध्ये 'मिल्ड्रेड' हे गलबत धुक्यात गर्नर्ड्स हेडच्या कड्याखाली आदळले. त्यावरील माणसे वाचली. गिब्सनांच्या छायाचित्रात ते गलबत कलले आहे, त्याची शिडे अजून उभारलेली आहेत आणि लाटा त्याच्या तक्त्यावरून वाहत आहेत. चालता चालता ठेच लागून पडलेल्या माणसासारखे ते दिसते. अजून आपण उठू असे जणू त्याला वाटत असावे. काही क्षणांनंतर ते तसे राहणार नव्हते.

या संग्रहात आपल्या देशाशी धागा जुळणारे जहाजही आहे. मार्च १८९१ च्या भयंकर हिमवादळात कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर फुटलेले 'बे ऑफ पनामा' हे गलबत कलकत्त्याहून तागाच्या हजारो गासड्या भरून डंडीच्या गिरण्यांकडे चालले होते. बंगालच्या शेतात पिकलेला ताग इंग्लंडच्या बर्फाळ किनाऱ्यावर विखुरला. चाळीसपैकी अठरा जण गेले. काहीजण तर दोरखंडांना धरून उभे असतानाच गोठून मेले. बंगालमधील ज्या शेतकऱ्यांनी तो ताग कापला, त्यांना याची वार्ताही लागली नसेल.

सगळ्याच कथा मृत्यूच्या नाहीत. १९१० साली 'मिनेहाहा' हे मोठे जहाज सिलीच्या खडकांत अडकले तेव्हा त्यावरील गुरे समुद्रात सोडून पोहत जवळच्या बेटावर नेण्यात आली आणि पुढे ते जहाजही सुखरूप सोडविले गेले. २६ मार्च १९९७ रोजी 'सिटा' हे मालवाहू जहाज पहाऱ्यावरील अधिकाऱ्याला झोप लागल्याने सेंट मेरीज बेटावर चढले. खलाशी सारे वाचले. कंटेनर मात्र फुटले आणि टायर, कपडे, दरवाजे यांनी किनारा भरून गेला. बेटावरील कुटुंबांनी त्यातले बरेच घरी नेले, हे वेगळे सांगणे नको!

२०१३ साली हा सारा संग्रह लंडनच्या सदबीज या लिलावगृहात विक्रीस आला. १,३६० हून अधिक निगेटिव्ह होत्या. ग्रिनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयाने तो १,२२,५०० पौंडांस विकत घेतला. संग्रहाबरोबर एक जुनी चोपडीही होती. अलेक्झांडर आणि हर्बर्ट यांनी जहाजफुटीच्या वेळी पाठविलेल्या तारांची ती नोंदवही. आमच्या मते या ठेव्यातील खरा जीव त्या चोपडीत आहे. चित्रात लाकूड, शीड आणि लाट दिसते. जहाज कोणाचे, कोठून कोठे चालले होते, कोण वाचले आणि कोण गेले हे चोपडी सांगते. चोपडीवाचून ती चित्रे नुसती देखणी राहिली असती.

समुद्राकडून छायाचित्रेच हिसकावून आणावी लागल्याचे उदाहरण अंटार्क्टिकाच्या बर्फात घडले. सर अर्नेस्ट शॅकल्टन यांचे 'एन्ड्युरन्स' जहाज १९१५ च्या आरंभी वेडेल समुद्रातील बर्फात अडकले. मोहिमेचा छायाचित्रकार फ्रँक हर्ली याने ध्रुवीय रात्रीच्या काळोखात वीसेक ठिकाणी झगझगीत उजेड पाडून त्या जहाजाचे हिमाने शुभ्र झालेले रूप टिपले. बर्फाच्या दाबाने जहाज चेंगरू लागले आणि ते सोडावे लागले. हर्लीच्या काचा मात्र आतच, पाण्याखाली राहिल्या होत्या. तो त्या गोठणाऱ्या पाण्यात उतरला आणि डबे बाहेर काढले. पण पुढचा प्रवास बर्फावरून, होड्या ओढत करावयाचा होता. वजनाला मर्यादा होती. शॅकल्टन आणि हर्ली बर्फावर बसले आणि त्यांनी काचांची निवड केली. सुमारे १२० ठेवल्या. उरलेल्या सुमारे ४०० तेथेच टाकून दिल्या, त्याही फोडून, म्हणजे मागाहून मोह होऊ नये. २१ नोव्हेंबर १९१५ रोजी जहाज बुडाले. त्यातील अठ्ठावीसही माणसे अखेर जिवंत परतली. त्या काचांनी पुढे मोहिमेचे कर्ज फेडण्यास हातभार लावला. येथेही पैसा होताच. परंतु निवड करताना आधी माणसांच्या अन्नाचा भार मोजला गेला, मग चित्रांचा.

आता पाण्याच्या वरून पाण्याखाली उतरू या. १८९३ साली लुई बुताँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने भूमध्य समुद्राच्या काठी बान्यूल्स येथे पाण्याखाली छायाचित्रे घेतली. कॅमेऱ्यासाठी जलाभेद्य पेटी त्याच्या भावाने रचली होती. एकेका चित्रासाठी कधी अर्धा अर्धा तास भिंग उघडे ठेवावे लागे. अडचण अशी की पाणी प्रकाश गिळते, आणि तोही सारख्या प्रमाणात नाही. तांबडा रंग काही मीटरांतच नाहीसा होतो. खोल गेल्यावर सारे निळसर करडे दिसते. दिवा न्यावा तर पाण्यातील कण तो प्रकाश उलट भिंगावर फेकतात आणि धुके पडल्यासारखे होते. या अडचणींवर मात करायला शतकभर लागले. १ सप्टेंबर १९८५ रोजी, बुडाल्यानंतर ७३ वर्षांनी, 'टायटॅनिक' सुमारे ३,८०० मीटर खोलीवर कॅमेऱ्याला दिसले. तळावर काही ठिकाणी बुटांचे जोड शेजारी शेजारी पडलेले आढळले. देह कधीच विरून गेले होते. कातडी बुटांनी त्यांची जागा तेवढी राखली होती. त्या चित्रांपुढे कोणाही माणसाची जीभ अडखळावी.

त्याच तळावरून पुढे हजारो वस्तू वर काढण्यात आल्या आणि त्यांची प्रदर्शने भरली. हा ठेवा आहे की दफनभूमी, असा वाद माजला. युनेस्कोने २००१ साली पाण्याखालील सांस्कृतिक वारशाबद्दल करार मांडला. शक्य तो वस्तू जागच्या जागी राहू द्याव्यात आणि मानवी अवशेषांचा मान राखावा, हे त्यातील सूत्र आहे. अशा वेळी कॅमेऱ्याचे महत्त्व वाढते. ५ मार्च २०२२ रोजी 'एन्ड्युरन्स' ३,००८ मीटर खोलीवर सापडले. सुकाणूच्या बाजूला असलेले नाव स्पष्ट वाचता येत होते. शोधकांनी त्याला हातही लावला नाही, केवळ चित्रे घेतली आणि ते परतले. त्याच वर्षी 'टायटॅनिक'ची सुमारे सात लाख छायाचित्रे घेऊन संपूर्ण जहाजाची संगणकावर प्रतिकृती उभारण्यात आली. हर्लीने समुद्राकडून चित्रे सोडवून आणली; त्याचे वारस चित्रे घेऊन बाकी सारे समुद्रापाशीच ठेवतात.

आपल्या किनाऱ्यावरही हे काम चालते. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्या संशोधकांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुंची खडकाजवळ सतराव्या शतकातील एका पोर्तुगीज व्यापारी जहाजाचे अवशेष तपासले. तोफा, चिनी मातीची भांडी, हत्तीचे सुळे आणि पाणघोड्याचे दात तेथे मिळाले. आफ्रिका, गोवा आणि चीन यांना बांधणारा व्यापारच जणू त्या उथळ पाण्यात पडून होता. सेंट जॉर्ज खडकाजवळच्या दुसऱ्या जहाजातील कौलांवर 'बाझल मिशन टाइल वर्क्स, १८६५' असा ठसा आढळला. त्या मिशनच्या कौलांचा लौकिक पश्चिम किनाऱ्यावर सर्वदूर होता.

दुसऱ्या प्रकारची जहाजेही आपण पाहिली. २००० साली कांदोळीच्या किनाऱ्यावर रुतलेले 'रिव्हर प्रिन्सेस' २०१२ पर्यंत तेथेच गंजत होते. पर्यटकांनी त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढले. किनाऱ्याची वाळू वाहून जाते हे गावकऱ्यांचे गाऱ्हाणे त्या फोटोंत उमटले नाही. ३१ जुलै २०११ रोजी 'पवित' हे माणसांनी महिनाभरापूर्वीच सोडलेले जहाज ओमानच्या बाजूने वाहत वाहत जुहूच्या वाळूवर येऊन थबकले, तेव्हाही बघ्यांची झुंबड उडाली. रिकाम्या जहाजाचे आकर्षण माणसाला असते, त्यात वावगे काही नाही. पण कॅमेरा असूनही चोपडी नसली म्हणजे काय उरते, हे या दोन जहाजांवरून दिसते.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. दुसऱ्याच्या आपत्तीचे चित्र घेण्याचा अधिकार त्याला, जो आधी दोर टाकतो, खबर पोहोचवितो, मूठमाती देतो आणि मग कॅमेरा उभा करतो. आणि चित्र घेतल्यावर त्यामागील माणसांची नावेही जपतो.

वसई, उत्तन, अर्नाळा येथील आपल्या कोळी बांधवांच्या अंगणाबाहेर आजही जुन्या होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या असतात. काहींवर संतांची नावे अजून वाचता येतात. अनेक घरांतील जुन्या अल्बममध्ये एखाद्या शिडाच्या मचव्याचा फोटो असेल. कडेला बंडी घातलेले आजोबा उभे असतील. तो फोटो हलक्या हाताने बाहेर काढावा. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारून त्याच्या पाठीमागे पेन्सिलीने होडीचे नाव, तांडेलाचे नाव, तिच्यावर जाणाऱ्या खलाशांची नावे आणि साल लिहावे. त्यातला कोणी समुद्रातून परत आला नसेल, तर तेही लिहावे.